पिवळ्या चर्चचा मनोरा

कामठी
१२ नोव्हेंबर २०२५

दुर्गेश,

पेपरात तुझा फोटो आला आहे. कानाजवळचे केस पांढरे झालेत तुझे. खाली लिहिलंय, 'विदर्भातील ऐतिहासिक चर्चवास्तू, जाहीर व्याख्यान.' शनिवार २२ तारीख, संध्याकाळी साडेपाच, नागपूर. प्रवेश सर्वांना खुला.

बाबानं माझ्याकडून ते तीनदा वाचून घेतलं. मग कात्रण कापून आधार कार्डाच्या पाकिटात ठेवलं. शेजारच्या चंपतरावांना बोलावून दाखवलं. "माहा पोट्टा चर्चवर भाषण देऊन राहिला," म्हणाला. चंपतरावांनी विचारलं, चर्चवर कायले? त्यावर बाबानं त्यांना अर्धा तास कमान समजावून सांगितली.

आईच्या तेरवीला आपण भांडलो त्याला चार वर्षं झाली. पुण्यातल्या तुझ्या ऑफिसात कोणी वडिलांबद्दल विचारलं तर तू काय सांगतोस, असं मी विचारलं होतं, आणि तू म्हणालास, "बांधकाम लाइनमध्ये होते, असं सांगतो." तेव्हा मला ते फार लागलं. आता नाही. मी चव्वेचाळीसची झाले, शाळेत चौथीची चाळीस पोरं दिवसभर डोकं खातात. राग धरून ठेवायला फुरसत नाही. हे पत्र रागाचं नाही, एवढं आधीच लिहून टाकते.

बाबा बरा आहे. बुटीबोरीच्या कंपनीच्या गेटवरची नोकरी सुटून दोन वर्षं झाली. नऊ वर्षं तिथं गाड्यांचे नंबर लिहीत उभा होता, त्यात गुडघे गेले. बाकी तब्येत ठीक. हाताची बोटं मात्र अजून चुन्यानं फाटलेलीच आहेत, इतक्या वर्षांत भरली नाहीत.

व्याख्यानाला आम्ही येणार नाही. बाबाला कामठीहून नागपूरच्या शंकरनगरपर्यंत ऑटोत बसवत नाही, आणि मला शनिवारी शाळेचं काम आहे. म्हणून एकच मागणं. कन्हानच्या रस्त्यावरचं आपलं पिवळं चर्च तू दाखवशीलच. न दाखवता कसं चालेल, आर्किटेक्ट म्हणून तुझं पहिलं काम तिथलं, आणि बाबाचं शेवटचं. मनोऱ्याचं जे झालं ते झालं. पण ते चर्च दाखवशील तेव्हा बाबाचं नाव घे. 'कवडू गवंडी', एवढे दोन शब्द. ओळखीचं कोणीतरी तिथं असेलच, ते येऊन सांगेल आम्हाला.

माझ्या मनात काही नाही. श्वेताला आशीर्वाद.

ताई

*

कामठी
२३ नोव्हेंबर २०२५

दुर्गेश,

मागच्या पत्रात मी तीन गोष्टी खोट्या लिहिल्या. बाबाला ऑटोत बसवतं. शनिवारी मला काही काम नव्हतं. आणि माझ्या मनात होतं.

आता खरं काय ते लिहिते. काल रात्रीपासून तू पाच फोन केलेस, मी उचलले नाहीत. फोनवर तू बोलशील आणि मला ऐकावं लागेल. पत्रात तसं नाही.

ऑगस्टमध्ये ग्रेस मॅडम घरी आल्या. माझ्या शाळेत होत्या, आता पिवळ्या चर्चच्या कमिटीच्या सेक्रेटरी आहेत. चर्चची पुन्हा दुरुस्ती काढायची आहे म्हणाल्या, जुन्या फायलीत मराठी कागद आहेत, जरा वाचून सांग. फाइल माझ्या मांडीवर ठेवून त्या पाणी प्यायला आत गेल्या आणि पहिलाच कागद निघाला तो माझ्याच अक्षरातला.

तुला आठवत असेल. फेब्रुवारी २०१३. बाबानं सांगितलं आणि मी लिहून घेतलं, कारण बाबाला सही सोडून लिहिता येत नाही. "मनोऱ्याची वीट जुनी आणि नरम आहे. तिच्यावर सिमेंटचा गिलावा करू नये. सिमेंट आतलं पाणी बाहेर येऊ देणार नाही, वीट आतून सडेल आणि दोन-तीन वर्षांत अख्खा थर सुटून खाली येईल. चुना मुरायला वेळ लागतो, तो वेळ द्यावा." खाली बाबाची वेडीवाकडी सही. ते पत्र, तू ज्याच्या हाताखाली होतास त्या मुंबईच्या मोठ्या साहेबाकडे जाईल असं तू आम्हाला सांगितलं होतंस, आणि महिन्याभरानं सांगितलंस की साहेबांनी नाही म्हटलं.

पत्र कोणाकडेच गेलं नव्हतं. त्याच कागदाच्या कोपऱ्यात निळ्या शाईत लिहिलंय, "मुदत पाळणे आवश्यक. सिमेंटच वापरावे." आणि तुझी सही. दु चा उकार असा ओढतोस की तो अक्षराबाहेर जातो, तोच.

दुसरा कागद ऑगस्ट २०१४ चा. मनोऱ्याचा पूर्वेकडचा थर कोसळला, खाली झाडत असलेल्या रुखमाबाईच्या खांद्यावर पडला, त्यानंतर पाचव्या दिवशीचा. "सदर दुर्घटना गवंडी कवडू यांच्या निकृष्ट कारागिरीमुळे घडली आहे. त्यांनी सूचनांचे पालन केले नाही." खाली तोच उकार.

अकरा वर्षं मी समजत होते की हे त्या मोठ्या साहेबानं लिहिलं. त्या एका कागदामुळे बाबाला नागपूर-कामठीत चुन्याचं काम मिळालं नाही. ज्यानं चाळीस वर्षं देवळांचे कळस आणि चर्चच्या कमानी केल्या तो फॅक्टरीच्या गेटवर शिटी घेऊन उभा राहिला. रुखमाबाई तीस वर्षं त्याच्या हाताखाली माल वाहत होती, त्याला भाऊ म्हणत होती. तिनं तोंड फिरवलं. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही तिचा. डाव्या हातानं वेणी घालता येत नाही म्हणून केस कापून टाकले तिनं.

ग्रेस मॅडम आतून आल्या तेव्हा मी त्यांना म्हटलं, याच्या झेरॉक्स काढू का. त्या म्हणाल्या, काढा की. मी चार काढल्या.

आता कालचं. मी कबूल केलं पाहिजे, तू फार छान बोललास. आम्ही मागून सातव्या ओळीत होतो, बाबाला मी मफलर कानावरून गुंडाळून दिला होता. विलायतेत बसून काढलेला नकाशा इथल्या उन्हात कसा बदलत गेला, हे तू सांगितलंस. बाजूला व्हरांडे आले, छताखाली गरम हवा निघायला झरोके आले, भिंती जाड झाल्या. टोकदार कमान भार कसा दोन्ही बाजूंनी खाली नेते आणि बाहेरची आधारभिंत तो कसा झेलते, हे तू दोन हातांचे पंजे जोडून दाखवलंस. पंजे जोडून दाखवायची पद्धत कोणाची, हे त्या सभागृहात फक्त तिघांना माहीत होतं. बाबा माझ्या बाजूला बसून तेच पंजे जोडत होता. माझ्या कानात म्हणाला, "बराबर सांगून राहिला."

त्याला इतकं खूश मी आईच्या वेळेपासून पाहिलं नव्हतं. मला थांबता आलं असतं. तू दोन शब्द बोलला असतास तर मी थांबले असते, पर्समधले कागद पर्समध्येच राहिले असते. हे मी तुला मुद्दाम सांगते आहे.

मग पडद्यावर पिवळं चर्च आलं. मनोऱ्याची उघडी पडलेली बाजू. तू म्हणालास, "हे एक दुःखद उदाहरण. आपल्याकडच्या गवंड्यांमध्ये चुन्याचं ज्ञान उरलेलं नव्हतं. अज्ञानातून सिमेंट थापलं गेलं. एक स्थानिक महिला जखमी झाली." आणि पुढच्या चित्रावर गेलास.

मी बाबाकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. हो म्हणावं तशी. मला वाटलं, म्हातारा सुन्न झाला.

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मी हात वर केला. तू मला ओळखलंस, चष्मा काढून पुन्हा घातलास. मी विचारलं, "त्या गवंड्याचं नाव काय होतं?" तू म्हणालास, "नावाला महत्त्व नाही, ताई." सभागृहाला वाटलं असेल, वक्ते किती नम्र, कोणालाही ताई म्हणतात.

मग मी दोन्ही कागद वाचले. तारखा आणि सह्यांसकट. आवाज कापला नाही, चौथीच्या वर्गानं मला तेवढं शिकवलं आहे. शेवटी म्हटलं, "तो अडाणी गवंडी इथे बसला आहे. तो या वक्त्यांचा बाप आहे."

तेव्हा तू पाण्याचा ग्लास उचललास आणि पाणी शर्टवर सांडलं. अध्यक्ष माइककडे धावले. समोरच्या ओळीतल्या बायका मागे वळून बाबाला पाहायला लागल्या. बाबा उठला, माझ्याकडे पाहिलं नाही, तुझ्याकडे पाहिलं नाही, खुर्च्यांना धरत धरत बाहेर गेला.

आम्ही ऑटोत बसलो. कामठीच्या पुलावर म्हणाला, "तू हे काहून केलं वं?" मी म्हटलं, तुझ्यासाठी.

तिथल्या सौरव नावाच्या पोरानं सगळं मोबाइलवर घेतलंय. सकाळपर्यंत माझ्या शाळेच्या ग्रुपवर आलं होतं. तुझ्या ऑफिसच्या ग्रुपवरही आलं असेल. रात्री मला गाढ झोप लागली, दुर्गेश. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

सोनिका

*

कामठी
३० नोव्हेंबर २०२५

दुर्गेश,

तुझं पत्र मिळालं. एकच ओळ. "ताई, बाबाला विचार मी ते का लिहिलं."

विचारलं.

बाबा पाच दिवस माझ्याशी बोलत नव्हता. सकाळी स्वतःच्या पोळ्या स्वतः करत होता, जाड, अर्ध्या कच्च्या, आणि अंगणातल्या ओट्यावर बसून खात होता. मी तुझी ओळ त्याला वाचून दाखवली. हातातला तुकडा त्यानं ताटात ठेवला.

"मीच सांगतलं त्याले," म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. मग त्यानं सांगितलं. मनोरा पडला त्याच्या तिसऱ्या दिवशी तू त्याला चर्चच्या मागं, चुन्याच्या हौदापाशी भेटलास. तू रडत होतास. तुझ्या लग्नाला तेव्हा दोन महिने झाले होते. तू म्हणालास की आता माझं लायसन जाईल, केस होईल. आणि बाबानं तुला सांगितलं, "माह्यावर लिही. माहं काय, साठीले आलो. तुहं सारं व्हायचं आहे." तू दोनदा नाही म्हणालास. तिसऱ्यांदा नाही म्हणाला नाहीस.

"त्यानं चूक केली, मले मालूम होतं," बाबा म्हणाला. "पण पोट्टं होतं ते. अशा वक्ती बापानं करावं तरी काय? माह्यापाशी जमीन नाही, घर नाही. नाव होतं, चुन्यातलं. ते मी त्याले देल्लं. सभेत त्यानं ते बोललं तवा मले वाटलं, बरं झालं, कामी येऊन राहिलं. अन् तू भर सभेत ते त्याच्या हातातून ओढून आणलं."

मी विचारलं, मला का नाही सांगितलं. म्हणाला, "तुले सांगतलं असतं तर तू तवाच हे केलं असतं."

ते खरं आहे.

दोन दिवस मी तुझी बाजू मनात मांडून पाहिली. एकोणतीस वर्षांचा पोरगा, घाबरलेला, बाप स्वतः म्हणतोय. ठीक आहे. मी तुझ्या जागी असते तर कदाचित मीही लिहिलं असतं. एकदा.

पण त्यानंतर तू काय केलंस? बाबा बुटीबोरीला गेटवर उभा आहे हे तुला माहीत होतं. दिवाळीला फोनवर दोन मिनिटं बोलायचास तेव्हा मागून ट्रकचे हॉर्न ऐकू यायचे तुला. आणि त्या शनिवारी सभागृहात तुला कोणी विचारलं नव्हतं. गवंड्यांचं अज्ञान, ही तुझी स्वतःची भर. बाबानं तुला एक वाक्य दिलं होतं, तू त्याचं व्याख्यान केलंस. किती गावांत दाखवलं आहेस ते चित्र? पडद्यावरच्या चित्राला कोपऱ्यात नंबर होता, एकतीस. तयार व्याख्यान आहे ते तुझं.

बाबानं सांगितलं हे मी मानते. हात तुझा होता.

आणि आणखी एक. हे बाबाच्याही ध्यानात आलं नव्हतं, माझ्याही नाही. परवा रुखमाबाईची नात खुशी दारात आली. तिच्या मोबाइलवर तिनं आजीला माझा तो व्हिडिओ दाखवला होता. आजीचा निरोप घेऊन आली होती, उभ्या उभ्या पाठ केल्यासारखा सांगितला. "आजी म्हणते, मले आजपावतो वाटे का कवडूभाऊच्या हातानं माहा हात गेला. आता आयकून राहिली का तसं नाही. तर मंग कोणाच्या हातानं गेला, त्यानं येऊन मले सांगावं."

बाबा ओट्यावर बसला होता. त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि खाली पाहत राहिला. म्हणाला, "रुखमाचं ध्यानातच नाही आलं मले."

अकरा वर्षं तुम्ही दोघांनी आपसात देवाणघेवाण केली. बापानं दिलं, मुलानं घेतलं. जिचा हात गेला तिला कोणी विचारलं नाही. मीही सभागृहात तिचं नाव घेतलं नाही, दुर्गेश. दोन कागद वाचले, बाप दाखवला, आणि तिला विसरले.

म्हणून आता ऐक. रविवार, १४ डिसेंबर. सकाळी दहाला तू रुखमाबाईच्या घरी यायचंस. एकटा. श्वेताला आणू नको, मिठाई आणू नको, शाल-बिल तर मुळीच आणू नको. पत्र कोणी पाठवलं नाही, सिमेंट कोणी घालायला लावलं, दोष कोणी कोणावर लिहिला, हे सगळं मराठीत लिहून, सही करून आणायचंस. 'परिस्थितीमुळे', 'दुर्दैवानं', असे शब्द त्यात नकोत. मी शिक्षिका आहे, लाल पेन घेऊन बसेन.

नाही आलास तर त्या झेरॉक्स तुझ्या परवान्याच्या ऑफिसला जातील, आणि ज्या ज्या संस्थेत तू नंबर एकतीस दाखवलंयस तिथं जातील. यादी करायला मला नाताळची सुट्टी पुरेल. बाबा रागावेल. रागावू दे, त्याची मला सवय झाली आहे आता.

सोनिका

*

कामठी
२१ डिसेंबर २०२५

दुर्गेश,

तू गेल्या रविवारी आलास. त्याबद्दल मी आभार मानणार नाही.

रुखमाबाईच्या घरात तू पूर्ण वेळ मान खाली घालून होतास, म्हणून तुला काय दिसलं नाही ते लिहिते. तू वाचत होतास तेव्हा तिनं डोळे मिटले नव्हते, पदर तोंडाला लावला नव्हता. ती तुझ्या हाताकडे पाहत होती. तुझा उजवा हात कागद धरून खाली-वर होत होता, आणि ती त्याच्याकडे असं पाहत होती की किती हलतो हा.

तू वाचून संपवलंस. मग ती म्हणाली, "तू लहान होता तवा मी तुले खांद्यावर बसवून कामावर आणत जाय. ह्याच खांद्यावर." एवढंच. तू तिच्या पाया पडायला वाकलास आणि तिनं पाय मागं घेतले. ते मला आवडलं. तू बाहेर जाऊन गाडीपाशी उभा राहिलास, तेही मी खिडकीतून पाहिलं. कोणी तुला आत बोलावेल अशी वाट पाहत होतास. कोणी बोलावलं नाही. मग गेलास.

तू गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही.

बाबा तिथंच खाटेच्या टोकावर बसला होता. त्याला वाटलं असावं की आता झालं. रुखमाबाई त्याच्याकडे वळली.

"कवडूभाऊ," ती म्हणाली, "नाव तुमचं होतं, ते तुम्ही देल्लं. तुमची मर्जी. पण हात तर माहा होता ना गा? माह्या हाताचं खरं-खोटं ठरवणारे तुम्ही कोण?"

बाबा स्वतःच्या फाटलेल्या बोटांकडे पाहायला लागला.

"अकरा वर्षं मी तुमच्या नावानं बोटं मोडली. तुमची बायको मेली, मी मातीले आली नाही. घरी बसून म्हटलं, बरं झालं, भोगा. ते आता मी कुठं नेऊ?"

"चुकलं रुखमा," बाबा म्हणाला. "पोट्टं दिसलं मले. तू नाही दिसली."

मी बाबाला रडताना पाहिलेलं नाही. त्या दिवशीही तो रडला नाही. पण उठताना त्याचा गुडघा अडकला, आणि रुखमाबाईनं डावा हात पुढं केला. तो धरून तो उठला. दारापर्यंत तिनं त्याला सोडलं. म्हणाली, "उद्या येजा. चहा करीन. बोलणार नाही जास्त." तो दुसऱ्या दिवशी गेला. त्यानंतर रोज जातो. काय बोलतात मला माहीत नाही, मी विचारत नाही.

माझ्याशीही तो आता बोलतो. काल ग्रेस मॅडम आल्या होत्या, मनोऱ्याची दुरुस्ती पावसाळ्यानंतर सुरू होईल, चुन्यात होईल. चुना कसा करायचा ते समजावून सांगाल का, असं त्यांनी विचारलं. बाबा म्हणाला, सांगीन, पण वर चढणार नाही. मग मला म्हणाला, "लिहून घे," आणि चुन्यात हिरडा किती, बेल किती, गूळ किती, किती दिवस मुरवायचं, असं सांगत सुटला. मी लिहून घेतलं. खाली त्यानं सही केली. या वेळी मी कागद स्वतः नेऊन दिला, हातोहात, आणि पोचपावती घेतली.

तुझ्या ऑफिसमधून एका मुलीचा फोन आला होता, रितिका म्हणून. सर आजारी आहेत, पुढची तीन व्याख्यानं रद्द केली आहेत, तुम्ही काही लिहून द्याल का की वाद मिटला आहे. मी नाही म्हटलं. श्वेताचाही फोन आला. ती रडत होती, मला तिच्याबद्दल वाईट वाटलं. तिला मी सांगितलं की नवऱ्याला म्हण, व्याख्यान रद्द करू नको, दे. एकतीस नंबर येईल तेव्हा खरं सांग. नाव घेऊन सांग. हे मी रागानं नाही, किंवा रागानंच म्हणते आहे, पण ते बरोबर आहे.

आता आजचं. तू लिहून दिलेला कागद मी तिथंच घड्या करून ठेवून देणार, असं तुला वाटलं असेल. रुखमाबाईनं ठरवलं की तो चर्चमध्ये वाचायचा. जिथं मनोरा पडला तिथंच, आणि ज्या लोकांनी अकरा वर्षं तिला विचारलं की कवडूनं असं कसं केलं, त्या सगळ्यांसमोर. ग्रेस मॅडमनी फादरना विचारलं. फादर आधी म्हणाले नाताळाच्या तोंडावर नको. रुखमाबाई त्यांना भेटायला गेली, काय म्हणाली कोण जाणे, पण ते हो म्हणाले.

आज सकाळची प्रार्थना झाल्यावर वाचलं. चर्च भरलं होतं. नाताळाचे तारे लावायला आणलेली तरुण पोरं मागे शिडीपाशी उभी होती. पहिल्या बाकावर रुखमाबाई आणि तिच्या बाजूला बाबा, धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी नाही. मी वेदीच्या खाली उभी राहिले. तुला सांगते, त्या चर्चमध्ये आवाज असा वर जातो आणि छताला लागून परत येतो की आपलंच वाक्य आपल्याला दुसऱ्याचं वाटतं. तुझंच वाक्य होतं ते. "मी, दुर्गेश कवडू, असं लिहून देतो की."

पूर्ण वाचलं. एकही शब्द गाळला नाही. रुखमाबाईचं नाव दोन ठिकाणी येतं, तिथं मी सावकाश वाचलं. बाबा समोर पाहत होता, वर, कमानीच्या टोकाकडे.

मी कागदाची घडी केली. मला वाटलं, झालं. आता मी जाऊन बसायचं.

रुखमाबाई बाकावरून उठली, पाठीमागे वळून तिनं सगळ्या बाकांवरून नजर फिरवली, आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "मागच्यायले बराबर आयकू नाही आलं, सोनिका. अजून एकदा वाच."

मी अजून एकदा वाचलं.

तुझी ताई